वीस मिनिटं पुढचं घर

माझी भावजय नोकरीत नक्की काय करते, असं कुणी विचारलं की पूर्वी माझं डोकं फिरायचं. "कॉम्प्युटरवर काम करते" म्हणावं तर विचारणारा म्हणायचा, ते तर हल्ली सगळेच करतात. शेवटी एका दुपारी मी तिलाच समोर बसवलं. म्हटलं, बाई गं, एकदाच काय ते नीट सांग, मी तोवर या पँटची चेन बदलून घेते. मी शिवणकाम करते, घराच्या पुढच्या खोलीत, त्यामुळे मला जे काही सांगायचं ते मशीनच्या आवाजापेक्षा मोठ्याने सांगावं लागतं.

ती म्हणाली, "ताई, मी लोकांना वेळ दाखवते."

"वेळ तर भिंतीवरचं घड्याळही दाखवतं," मी म्हटलं. "त्याला कुठे कोण पगार देतं?"

"त्या घड्याळाला?" तिने मान वर करून पाहिलं. "त्याला दंड करायला हवा."

ती ही अशी. आमच्या घरात "आलेच" या शब्दाचा अर्थ पाच मिनिटांपासून दीड तासापर्यंत काहीही होतो. ही लग्न होऊन आली आणि जेवायला हाक मारली की "सात मिनिटं" म्हणायला लागली. सातव्या मिनिटाला हात धुऊन ताटावर हजर. पहिल्याच आठवड्यात मी तिचं नाव मिनिटबाई ठेवलं. चिडली नाही. "सेकंदबाई नाही ठेवलंत, उपकार झाले," म्हणाली. तेव्हाच ती मला आवडली होती, पण मी ते बराच काळ तिला कळू दिलं नाही. नणंद आहे मी, काही रीतभात असते की नाही.

तर तिचं काम. वेळ सगळ्यांची तीच असली तरी लिहायच्या रीती हजार. कुणी बारापर्यंत मोजून पुन्हा एकपासून सुरू करतं, कुणी सरळ चोवीसपर्यंत जातं. तास आणि मिनिटांच्या मधे कुणी दोन टिंबं देतं, कुणी एकच. "सकाळी" हा शब्द कुणाला आकड्याच्या आधी लागतो, कुणाला नंतर. एके ठिकाणी तर म्हणे सूर्य उगवला की मोजायला लागतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. प्रत्येक जागेची अशी रीत एका गाठोड्यात बांधून ठेवलेली असते, त्याला ते लोक लोकेल म्हणतात. मिनिटबाईच्या हाती खरी वेळ येते. समोरचा माणूस कुठला आहे ते बघून ती त्याचं गाठोडं सोडते आणि त्याच्या रीतीने वेळ मांडून देते.

"एवढंच?" मी विचारलं.

"हे सोपं झालं. उलटं करायचं ते अवघड."

उलटं म्हणजे लोकांनी लिहिलेली वेळ वाचायची आणि मशीनला कळेल अशी करून द्यायची. लोक काय वाट्टेल ते लिहितात. एकजण नुसतं "पाच" लिहितो. सकाळचे की संध्याकाळचे, ते त्यालाच ठाऊक. दुसरा "साडेपाच" अक्षरात लिहितो, तिसरा टिंब विसरून पाचशे तीस लिहितो. एका महाभागाने वेळेच्या चौकटीत "जेवण झाल्यावर" असं लिहिलं होतं. मला त्यात काही चूक दिसली नाही, पण मी गप्प बसले.

"दाखवताना खरी वेळ आपल्या हातात असते, ताई," ती म्हणाली. "वाचताना लिहिणाऱ्याच्या डोक्यात शिरावं लागतं. त्याची रीत कुठली ते कळल्याशिवाय वाचायला जायचंच नाही. आणि लिहायची रीत बदलली तर वाचणाऱ्याला आधी सांगायचं. नाहीतर दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि कामाचं वाटोळं होतं."

हे मी नीट लक्षात ठेवलं. दुसऱ्याचं बोललेलं लक्षात ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

एकदा ती जेवताना म्हणाली, आपल्या भाषेत पहाट कधी संपते आणि सकाळ कधी सुरू होते ते ऑफिसला कळवायचंय. आई म्हणाली, "मी उठते ती पहाट. मी चहा ठेवला की सकाळ." माझा भाऊ, म्हणजे मिनिटबाईचा नवरा, म्हणाला, "मी उठतो तेव्हा सकाळ. सुट्टीला अकरापर्यंत पहाटच असते." मी म्हटलं, पहिलं गिऱ्हाईक दार वाजवतं तेव्हा सकाळ, मग ते कितीही लवकर कडमडो. यावरून असं जुंपलं की ताटातलं सगळं निवून गेलं. शेवटी मिनिटबाईने हात टेकले आणि आपल्या मनाने आकडे भरून टाकले.

आता त्या घड्याळाचं सांगते. पुढच्या खोलीत माझ्या मशीनसमोर ठोके देणारं मोठं घड्याळ आहे, बाबांच्या वेळचं. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. ते घड्याळ वीस मिनिटं पुढे आहे. बिघडलेलं नाही, पुढे ठेवलेलं आहे, आणि ते कधीपासून तसं आहे हे आम्हा भावंडांना आठवतही नाही. रस्त्यापलीकडे शाळा आहे. आमच्या घड्याळात पाचाचे ठोके पडून गेले की वीस मिनिटांनी तिकडे सुटायची घंटा होते. घरात दुसरं घड्याळ नाही. हातात फोन असला तरी आमची मान आपोआप भिंतीकडे वळते, काटे बघितले की डोक्यात आपोआप वीस वजा होतात आणि वेळ कळते. यात कसला त्रास आलाय?

मिनिटबाईला मात्र त्या घड्याळाने वेड लावलं. "मग बरोबरच का नाही लावत?" ती पहिल्या महिन्यात विचारायची.

"राहू दे ते आहे तसं," आई म्हणायची. आई या आवाजात बोलली की आमच्यात पुढे कुणी जात नाही.

मग मिनिटबाईने वेगळी तोड काढली. लॅपटॉपमध्ये जगभरच्या गाठोड्यांच्या शेवटी तिने आमच्या घराचं एक लोकेल करून ठेवलं. वेळ वीस मिनिटं पुढे, "आलेच" म्हणजे काहीही, सुट्टीला अकरापर्यंत पहाट. ऑफिसात ते हसण्यावारी गेलं, पण मला दाखवताना तिचा चेहरा असा खुलला होता की मी मशीन थांबवून बघितलं.

त्यानंतर आईच्या डोळ्यांचं निघालं. दोन्हीकडे मोतीबिंदू, उजवा चांगलाच पिकलेला. आई कबूल करेना. "मला दिसतंय" हे तिचं पालुपद. कसलं दिसतंय? मीठ आणि साखर चव घेऊन ओळखायची, माझ्या गिऱ्हाइकांना आवाजावरून नावाने हाक मारायची आणि दिवसातून दहा वेळा "किती वाजले गं" विचारायची. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, आणखी थांबलात तर ऑपरेशन करून फारसा उपयोग होणार नाही. ते डॉक्टर बाहेरगावाहून महिन्यातून एकच दिवस यायचे. आधीच्या दोन तारखा आईने चुकवल्या होत्या, एकदा सर्दीचं निमित्त करून आणि एकदा गुडघ्याचं. तिसऱ्या वेळी मिनिटबाईने स्वतः नंबर लावला. मेसेज आला, "सकाळी १०:०० वाजता हजर राहावे."

"बघा ताई," तिने फोन माझ्या नाकासमोर धरला. "'सकाळी' आधी आलंय, टिंबंही दोन. हा मेसेज आमच्याच प्रोग्रॅमने लिहिलाय."

मेसेज नीट लिहिला की माणसं आपोआप पोचतात असा तिचा समज होता.

आदल्या दिवशी तिने काय केलं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. दुपारी मी दोरे आणायला बाहेर गेले होते. हिच्या मनात आलं, उद्याच्या घाईत कुणाची वजाबाकी चुकली तर पंचाईत. म्हणून ही स्टुलावर चढली आणि घड्याळ बरोबर लावून ठेवलं. आम्हाला ती सांगणारच होती. पण स्टुलावरून उतरते न उतरते तोच ऑफिसचा फोन. कुठल्याशा देशात पडद्यावर साडेबाराच्या जागी "दुपारचे शून्य वाजून तीस मिनिटं" असं दिसायला लागलं होतं आणि तिथले लोक खवळले होते. ते शून्य निस्तरता निस्तरता ही जेवायलासुद्धा लॅपटॉप घेऊन बसली. सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

सकाळी ती कागदपत्रं घेऊन आमच्या आधीच हॉस्पिटलला गेली. जाताना आम्हाला तीन-तीनदा बजावलं, "साडेनऊला निघा, वीस मिनिटांचा रस्ता आहे, दहाला हाक मारतात."

आम्ही त्या दिवशी इतके शहाण्यासारखे वागलो की काय सांगू. भावाने टॅक्सी दारात आणून उभी केली. मी आदल्या दिवशीच गिऱ्हाइकांना सुट्टी सांगितली होती. आणि आई, जिला केस विंचरून कानातले घालेपर्यंत सूर्य डोक्यावर येतो ती आई, सगळ्यांच्या आधी तयार होऊन पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मला तिथेच शंका यायला हवी होती.

घड्याळात साडेनऊ झाले. "अजून वीस मिनिटं आहेत," भाऊ म्हणाला. मी म्हटलं, मग चहा टाकते. टॅक्सीवाल्यालाही दिला. आई एक अक्षर बोलली नाही, घोट घोट करत चहा पीत राहिली. घड्याळात दहाला दहा कमी झाले तशी आम्ही कुलूप लावलं आणि वेळेवर निघालो म्हणून एकमेकांचं कौतुक करत टॅक्सीत बसलो.

अर्ध्या वाटेत भावाने खिशातून फोन काढला. तो रात्रीपासून मुका करून ठेवलेला होता. बायकोचे नऊ कॉल येऊन गेले होते. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"ताई, दहा वाजले."

"काहीतरीच. अजून पावणेदहा व्हायचेत."

"अगं, फोनमध्ये दहा वाजलेत."

"मग फोन बिघडलाय," मी म्हटलं. आमच्या घड्याळावर माझा विश्वास तेवढा. आई खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेरचं तिला काहीही दिसत नव्हतं, तरी बघत होती.

मिनिटबाई हॉस्पिटलच्या दारातच उभी होती, कागद छातीशी धरून. नर्सने दोनदा हाक मारून आमचा नंबर सोडून दिला होता आणि पुढच्या माणसाला आत घेतलं होतं. पुढची यादी भरलेली, दुपारी दोनला डॉक्टर निघणार, ते थेट पुढच्या महिन्यात येणार. आणि पुढच्या महिन्यात आई कुठला अवयव पुढे करणार ते देव जाणे.

"कुठे होतात तुम्ही?" तिने विचारलं.

"घड्याळ बघूनच निघालो," भाऊ म्हणाला. "दहाला दहा कमी होते. म्हणजे साडेनऊ."

ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मी ते बरोबर लावलं होतं. काल दुपारी."

माझा पारा चढला. "बरोबर लावायला तुला सांगितलं कुणी? चांगलं चुकीचं चाललं होतं. आणि रीत बदलली तर वाचणाऱ्याला आधी सांगायचं, हे कोण म्हणालं होतं? मी की तू?"

बाकांवरचे सगळे पेशंट माना वळवून बघायला लागले, ज्यांच्या डोळ्यांना पट्ट्या होत्या तेसुद्धा.

"दिवसभर जगाला हेच सांगत असते मी," ती म्हणाली. "आणि घरीच विसरले."

तिचे डोळे भरून आले तसा माझा राग कुठल्या कुठे गेला. नर्सने आमची दया येऊन सांगितलं, बसून राहा, यादीतलं कुणी गळलं तर बघते. आम्ही चौघं एका बाकावर ओळीने बसलो.

जरा वेळाने आई म्हणाली, "तिला बोलू नका. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"घड्याळ बरोबर झालंय ते. काल पाचाचे ठोके आणि शाळेची घंटा एकदमच झाली."

मी कपाळावर हात मारला. "मग बोलली का नाहीस? आम्ही तिथे तुझ्यासमोर चहा पीत बसलो होतो."

"मला भीती वाटत होती," आई म्हणाली. "डोळ्याला हत्यार लावणार म्हणजे काय गंमत आहे? तुम्ही वजाबाकी करत बसलात, म्हटलं करू देत."

भावाला हसू आवरेना, त्याला मी कोपर मारलं. मग माझंच मला आवरेना. म्हातारीने आम्हाला तयार होऊन, केस विंचरून, शांतपणे फसवलं होतं.

मिनिटबाई मात्र हसली नाही. ती आईकडे बघत होती. "आई, तुम्ही ठोक्यांवरून ओळखलंत. काटे नाही बघितलेत?"

"काटे कुठले दिसायला? वर्ष झालं."

एक वर्ष मी त्या घड्याळासमोर बसून शिवते आहे आणि आई माझ्या मागे बसलेली असते.

"ते पुढे का ठेवलं होतं, आई?" मिनिटबाईने विचारलं. हा प्रश्न आम्ही सख्ख्या मुलांनी कधी विचारला नव्हता.

"ह्यांनी केलं ते," आई म्हणाली. "मला आवरायला वेळ लागायचा. नाटकाला जावं तर आम्ही पोचेपर्यंत पहिला अंक संपत आलेला. म्हणून ह्यांनी एकदा मला न सांगता घड्याळ पाच मिनिटं पुढे केलं. मी आठवड्यात पकडलं. बोलले नाही, आवरायला पाच मिनिटं जास्त घ्यायला लागले. मग ह्यांनी आणखी पाच केलं. तेही पकडलं. असं करत करत वीसवर आलो." ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. "मग ते गेले."

एक वाजून गेला. मग दार उघडून नर्स बाहेर आली. एका पेशंटचं ब्लड प्रेशर खाली येईना, त्याला परत पाठवलं होतं. "आत्ता तयार असाल तर घेते," ती म्हणाली.

"पुढच्या महिन्यात बघू," आई झटकन म्हणाली. "आज उशीरच झालाय."

मी तोंड उघडणार तेवढ्यात मिनिटबाई उठली आणि आईसमोर खाली बसली. "आई, घड्याळाचे ठोके तासातासाने पडतात. मधल्या वेळात तुम्ही काय करता?"

नर्स दारात तशीच उभी होती.

"वाट बघते," आई म्हणाली. "पुढच्या ठोक्यांची."

मिनिटबाईने हात पुढे केला. आईने तो धरला आणि दोघी आत गेल्या.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये पट्टी काढली, काळा चष्मा दिला आणि दुपारनंतर आम्ही आईला घरी आणलं. ती तडक पुढच्या खोलीत येऊन घड्याळासमोरच्या खुर्चीत बसली. आधी माझ्याकडे निरखून बघितलं. "केस किती पांढरे झालेत गं तुझे," म्हणाली. मग भावाला म्हणाली, दाढी कर. मिनिटबाईकडे नुसती बघत राहिली.

तेवढ्यात रस्त्यापलीकडे शाळेची घंटा झाली. पाच वाजले. आईने चष्मा जरा वर केला आणि घड्याळाकडे पाहिलं.

"पाच पंचवीस," तिने काटे वाचले.

मिनिटबाईने घाईने लॅपटॉप उघडून त्यामागे तोंड लपवलं.

"वीस होती," आई म्हणाली. "ही वरची पाच कुणी वाढवली?"

भावाने माझ्याकडे बघितलं, मी भावाकडे. आम्हाला दोघांनाही सगळं ठाऊक होतं. या खेपेला मिनिटबाईने सकाळीच आम्हाला समोर उभं करून सांगितलं होतं, आजपासून पंचवीस वजा करायचे, आणि आईला कळू द्यायचं नाही. दोनदा म्हणून घेतलं होतं आमच्याकडून.

"सोमवारी दहाला तपासणी आहे, आई," लॅपटॉपच्या मागून आवाज आला. "तुम्हाला आवरायला वेळ लागतो."

आई घड्याळाकडेच बघत होती. चष्म्याखालून पाणी यायला लागलं तशी मी कापूस घेऊन धावले. "डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणालेत डॉक्टर. रडू नकोस."

"रडतंय कोण," आई म्हणाली. "ते गेल्यापासून कुणी वाढवलीच नव्हती."

सोमवारी आईने आवरायला पाच मिनिटं जास्त घेतली. मिनिटबाईने घड्याळाकडे बघितलं, आईने मिनिटबाईकडे बघितलं, आणि आम्ही अगदी वेळेवर निघालो.